लोकलच्या डब्यातून ताणाची ओळख

सकाळचे साडेसात वाजले आहेत. कांदिवली स्थानकात चर्चगेटकडे जाणारी लोकल येते. दारात माणसे लोंबकळत आहेत, आत पाय ठेवायला जागा नाही. फलाटावरचे बहुतेक प्रवासी त्या गर्दीत शिरण्याच्या तयारीत असतात. काही जण मात्र त्या गाडीकडे पाहतसुद्धा नाहीत. ते पूल ओलांडून पलीकडे जातात आणि उलट दिशेची, बोरिवलीला जाणारी गाडी पकडतात. बोरिवली हे पुढचेच स्थानक. तिथे ही गाडी संपते आणि तीच पुन्हा चर्चगेटसाठी सुटते. हे प्रवासी बोरिवलीला उतरतच नाहीत. मिळालेल्या जागेवर बसून ते पुन्हा कांदिवलीवरूनच दक्षिणेकडे जातात. त्यासाठी पासही बोरिवलीचा काढतात. मध्य रेल्वेवर मुलुंडहून ठाण्याला जाऊन तिथून बसून येणारेही आहेत.

साध्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा आहे. अंतर वाढते, वेळ वाढतो, घरातून लवकर निघावे लागते. तरीही शहाणीसुरती माणसे वर्षानुवर्षे हे करत आली आहेत. ‘बसायला मिळते म्हणून’ हे उत्तर बरोबर आहे, पण ते पुरेसे नाही. शरीराच्या दृष्टीने या व्यवहारात आणखी काही घडते. ते समजून घेतले तर रोजचा ताण म्हणजे काय, तो ओळखावा कसा आणि त्याच्याशी जुळवून कसे घ्यावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडू लागतात. शिक्षकांना ती स्वतःसाठी उपयोगी आहेत आणि वर्गासाठीही.

स्वीडनमधील एक गाडी

१९७०च्या दशकात स्वीडनमधील उल्फ लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॉकहोमला नोकरीसाठी रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास केला. काही प्रवासी गाडी जिथून सुटते त्या पहिल्या स्थानकावर बसत. त्यांचा प्रवास सुमारे ७९ मिनिटांचा होता. दुसरा गट वाटेतल्या एका स्थानकावर चढे. त्यांचा प्रवास सुमारे ४३ मिनिटांचाच होता. संशोधकांनी प्रवाशांच्या लघवीतील अॅड्रेनलिनचे प्रमाण मोजले. अॅड्रेनलिन हे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक आहे.

कोणाचा ताण अधिक असेल? जास्त वेळ प्रवास करणाऱ्यांचा, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात उलटे आढळले. वाटेत चढणाऱ्यांमध्ये अॅड्रेनलिन जास्त होते. पहिल्या स्थानकावरच्या प्रवाशाला कुठे बसायचे, कोणाशेजारी बसायचे, सामान कुठे ठेवायचे हे ठरवता येत होते. वाटेत चढणाऱ्याला उरलेसुरले घ्यावे लागत होते. प्रवास अर्धा असूनही त्याचे शरीर अधिक सावध राहत होते.

आपला कांदिवलीचा प्रवासी हा प्रयोग न वाचताच त्याचा निष्कर्ष आचरणात आणतो. गेलेली मिनिटे देऊन तो परिस्थितीवरचा थोडासा ताबा विकत घेतो. ताण हा केवळ ओझ्याच्या वजनावर अवलंबून नसतो. ते ओझे कसे येते यावरही अवलंबून असतो. ही गोष्ट या लेखात अनेकदा उपयोगी पडणार आहे.

ताण हा शब्द आला कुठून?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ हे शब्द परिचित आहेत. तारेला वजन लावले की तारेत प्रतिबल निर्माण होते आणि तिच्या लांबीत जो बदल होतो त्यावरून विकृती मोजतात. इंग्रजीत प्रतिबलासाठी असलेला ‘स्ट्रेस’ हा शब्द माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेली या शास्त्रज्ञाने शरीराला लावला. त्याच्या १९३६ सालच्या छोट्याशा शोधनिबंधात उंदरांवरील निरीक्षणे होती. थंडी, इजा, विषारी द्रव्य अशा अगदी वेगवेगळ्या गोष्टींचा मारा केला तरी उंदरांच्या शरीरात बदल सारखेच होत: अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. कारण कोणतेही असो, शरीराचे उत्तर एकच, हे त्याने दाखवून दिले.

त्याच्या आधी हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन याने या उत्तराचा पहिला भाग सांगितला होता. संकट दिसले की प्राण्याचे शरीर ‘लढा किंवा पळा’ यासाठी सज्ज होते. ही सज्जता दोन मार्गांनी येते.

पहिला मार्ग वेगवान आहे. अनुकंपी चेतातंतूंमधून संदेश जातो, अधिवृक्क ग्रंथींचा आतला भाग अॅड्रेनलिन सोडतो आणि काही सेकंदांत हृदयाचे ठोके वाढतात. श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त जाते, तोंडाला कोरड पडते, पचन मंदावते.

दुसरा मार्ग सावकाश आहे. मेंदूतील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थराला निरोप देते. तेथून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. ते रक्तातील साखर वाढवते आणि शरीराला दमदार प्रयत्नासाठी इंधन पुरवते. अचानक आलेल्या ताणानंतर त्याचे प्रमाण साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वाधिक होते. हेच कॉर्टिसॉल मेंदूत पोचून ‘आता पुरे’ असेही सांगते आणि स्राव कमी होतो.

ही यंत्रणा शत्रू नाही. तिच्यावाचून धावत्या रिक्षासमोरून आपण वेळेवर बाजूला झालो नसतो. त्रास सुरू होतो तो ती बंदच होत नाही तेव्हा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबळ्याची चाहूल लागली की चितळांचा कळप इशारा देतो, उधळतो आणि धोका टळला की थोड्या वेळाने पुन्हा चरू लागतो. चितळाची घंटा वाजते आणि थांबते. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९९४ साली आपल्या पुस्तकात झेब्र्याच्या उदाहरणाने हाच मुद्दा मांडला. माणूस मात्र उद्याचा, पुढच्या महिन्याचा किंवा दहा वर्षांपूर्वीचा बिबळ्या मनात आणून तीच घंटा वाजवत ठेवू शकतो. महिनोन्‌महिने असे चालले तर झोप, रक्तदाब, पचन, रोगप्रतिकारशक्ती आणि स्मरणशक्ती यांवर परिणाम होतो.

ओझे तेच, ताण वेगळा

एकच ओझे एका माणसाला जड आणि दुसऱ्याला सुसह्य का वाटते? स्वभावाचा त्यात भाग आहेच. पण प्रयोगांतून तीन गोष्टी वारंवार पुढे आल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अंदाज. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी उंदरांच्या दोन गटांना अगदी सारखेच विजेचे धक्के दिले. एका गटाला धक्क्याआधी इशाऱ्याचा आवाज ऐकू येई, दुसऱ्याला येत नसे. इशारा मिळणाऱ्या उंदरांच्या जठरात व्रण बरेच कमी पडले. इशारा नसतानाच्या वेळेत ते निर्धास्त राहू शकत होते. दुसऱ्या गटाला निर्धास्त अशी वेळच नव्हती. २०१६ साली लंडनमध्ये माणसांवर झालेल्या एका प्रयोगात तर आणखी मजेदार गोष्ट दिसली. हलका धक्का नक्की बसणार हे माहीत असलेल्यांपेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा लोकांचा ताण सर्वाधिक होता.

मुंबईकराला हे पटायला वेळ लागणार नाही. गाडी बारा मिनिटे उशिरा आहे असे कळले तर तो वर्तमानपत्र उघडतो. काहीच न कळता गाडी आली नाही तर पाच मिनिटांत अस्वस्थ होतो. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा अंधेरी ते घाटकोपर हे अंतर काही मिनिटांवर आलेच, पण ‘आज किती वेळ लागेल’ हा रोजचा प्रश्नही बऱ्याच जणांचा मिटला. न्यू जर्सीहून मॅनहटनला जाणाऱ्या रेल्वे प्रवाशांच्या अभ्यासात गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांना असेच दिसले. प्रवास जितका बेभरवशाचा, तितका ताण अधिक. लांब प्रवास करणाऱ्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल जास्त आढळले, आणि प्रवासानंतर चिकाटीने करायच्या कामातही ते कमी पडले. पहिल्या तासाला वर्गात शिरणाऱ्या शिक्षकाने ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. सकाळी विद्यार्थ्यावर निघालेला राग कधी कधी विद्यार्थ्याचा नसतो, प्रवासाचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ताबा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांच्या प्रयोगात लोकांना कर्कश आवाजात काम करायला बसवले. एका गटाजवळ एक बटण होते. ते दाबले तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असे त्यांना सांगितले. बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच आवाज ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांनी अधिक चिकाटी दाखवली आणि कमी चुका केल्या. मनात आणले तर थांबवता येईल, एवढी जाणीवच पुरली.

तिसरी गोष्ट म्हणजे सोबत. झुरिक येथे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणिते करायला लावली. ज्यांच्याबरोबर तयारीच्या वेळी जवळचा मित्र होता त्यांच्यात कॉर्टिसॉल कमी वाढले. लोकलच्या डब्यातले ठरलेले गट, भजनी मंडळे, दसऱ्याला डबा सजवून केलेली पूजा यांच्याकडे या नजरेने पाहिले पाहिजे. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, असे रेल्वेचाच हिशेब सांगतो. अशा जागी अनोळखी माणसांचे रूपांतर ओळखीच्या मंडळींत करणे ही लोकांनी स्वतः शोधलेली उपाययोजना आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी धावली. तेव्हापासून अशा गाड्यांत भाजी निवडली गेली, हळदीकुंकू झाले, घरची गाऱ्हाणी सांगितली गेली. हा वेळेचा सदुपयोग तर आहेच. मनावरचे ओझे वाटून घेणेही आहे.

काळजी करणे आणि काळजी घेणे

आता काळजीकडे वळू. ताण हा समोरच्या परिस्थितीला दिलेला प्रतिसाद असतो. गाडी चुकते आहे, पेपर तपासून द्यायचे आहेत, घरात आजारपण आहे. काळजी ही पुढे काय होईल याच्या विचारांची साखळी असते. कारण दूर झाले की ताण सहसा ओसरतो. काळजीला समोर कारण असावेच लागत नाही.

काळजी वेडेपणाची असते असे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो मुले व नोकरदार रात्रभर घरी पोचू शकले नाहीत. त्या रात्री दाराशी उभ्या राहिलेल्या घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या आईला आजही जुलैत आभाळ भरून आले की धाकधूक होते. या काळजीमागे अनुभव आहे. प्रश्न आहे तो तिचे पुढे काय करायचे याचा.

आपल्या भाषेने इथे एक चांगली सोय करून ठेवली आहे. मराठीत ‘काळजी करणे’ आणि ‘काळजी घेणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. काळजी घेणे म्हणजे मुलाच्या दप्तरात घरचा व शेजाऱ्यांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवणे, गाड्या बंद पडल्या तर कोणत्या नातेवाइकांकडे जायचे हे ठरवणे, भरतीची वेळ पाहणे. काळजी करणे म्हणजे हे काहीही न करता, किंवा सगळे करून झाल्यावरही, ‘आणि समजा तरीही…’ असे मनात घोळवत राहणे. पहिलीला शेवट असतो, दुसरीला नसतो. पहिलीमुळे ताबा वाढतो. दुसरीमुळे ताबा असल्याचा नुसता भास होतो, आणि म्हणूनच ती सोडवत नाही.

अमेरिकेतील एका अभ्यासात सततच्या काळजीचा विकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढे काय झाले तेही नोंदवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९१ टक्क्यांहून अधिक काळज्या खऱ्या ठरल्या नाहीत. नमुना लहान आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सर्वांना लावू नये. पण ही नोंद प्रत्येकाने स्वतःपुरती करून पाहण्यासारखी आहे.

ओळखावे कसे?

‘मला ताण आहे’ हे वाक्य माणूस सगळ्यात शेवटी म्हणतो. त्याआधी शरीर बोलते. मान आणि खांदे आखडतात, डोके दुखते, पोट बिघडते, पहाटे तीन-चारला जाग येते, सुटीच्या दिवशीही थकवा जात नाही. मग वागणे बदलते. किरकोळ गोष्टीवरून चिडचिड, चहा-तंबाखूचे प्रमाण वाढणे, कामे पुढे ढकलणे, माणसे टाळणे. विचारांतही फरक पडतो. एकच वाक्य चारदा वाचावे लागते, नावे आठवत नाहीत, सगळ्याचा शेवट वाईटच दिसतो.

मुले हे वेगळ्या तऱ्हेने सांगतात. प्राथमिक वर्गातील मुलाचे शाळेच्या दिवशीच पोट दुखते. नेटकी वही अचानक अव्यवस्थित होते. बोलके मूल गप्प बसते किंवा गप्प मूल भांडू लागते. एखाद्या दिवसावरून निष्कर्ष काढू नये. नेहमीच्या वागण्यात पडलेला आणि टिकलेला फरक पाहावा. तो फरक पालकांइतकाच वर्गशिक्षकाच्या लक्षात येऊ शकतो. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, वजन उतरणे अशा तक्रारी ‘ताणामुळेच असेल’ म्हणून सोडू नयेत. आधी डॉक्टरांना दाखवावे.

आठवडाभर एक साधी नोंद ठेवा. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, काय घडले, शरीरात काय जाणवले, मनात काय वाक्य आले. सात दिवसांनी पान पाहिले की बहुधा दोन-तीन प्रसंगच पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. सगळे आयुष्य ताणाचे आहे असे वाटत असते. प्रत्यक्षात सकाळचे वीस मिनिटे आणि रात्री झोपण्यापूर्वीचा अर्धा तास हेच कळीचे असू शकतात.

जुळवून घ्यावे कसे?

पहिला उपाय म्हणजे वाटणी. नोंदीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: हातात आहे, थोडी हातात आहे, हातात नाही. गाड्यांची संख्या हातात नाही. निघण्याची वेळ थोडी हातात आहे. पिशवी रात्री भरून ठेवणे पूर्ण हातात आहे. हातातल्या गोष्टींपैकी एकच निवडून ती या आठवड्यात करा. कांदिवलीच्या प्रवाशाने नेमके हेच केले.

दुसरा उपाय काळजीसाठी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ साली तो मांडला. दिवसातली अर्ध्या तासाची एक ठरलेली वेळ आणि जागा काळजीसाठी राखून ठेवायची. इतर वेळी काळजी आली की ती कागदावर टिपायची आणि ‘संध्याकाळी सहाला पाहू’ असे म्हणून हातातले काम पुढे चालू ठेवायचे. सहा वाजता यादी काढायची. बऱ्याच काळज्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांपैकी ज्यांची काळजी घेता येईल त्यांचे पुढचे पाऊल लिहायचे. झोपण्याची वेळ मात्र यासाठी निवडू नये.

तिसरा उपाय मनातल्या वाक्याचा आहे. ‘हे माझ्या मनासारखे झालेच पाहिजे’ आणि ‘तसे झाले तर बरे’ या दोन वाक्यांतून वेगवेगळ्या भावना निर्माण होतात, हे अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्र आहे. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवण्यात मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. ‘निकाल कमी लागला तर संपलेच’ या वाक्यातील ‘संपलेच’ला पुरावा काय, असा प्रश्न विचारणे ही विज्ञानाच्या शिक्षकाला ओळखीचीच पद्धत आहे.

चौथा उपाय श्वासाचा. लोणावळ्याच्या कैवल्यधाम येथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांचे प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केले, त्यामुळे या विषयाला आपल्याकडे शंभर वर्षांची परंपरा आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंद होतात, कारण श्वास सोडताना परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की ‘घंटा थांबव’ असा निरोप जातो. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. डब्यात उभ्याने, कोणाच्या लक्षात न येताही हे करता येते.

याशिवाय रोज अर्धा तास भरभर चालणे, झोपेची ठरलेली वेळ आणि एका तरी माणसाशी मोकळेपणाने बोलणे, हे जुनेच उपाय आहेत. अॅड्रेनलिनने शरीर पळण्यासाठी तयार केलेले असते. चालण्याने त्या तयारीला वाट मिळते.

वर्गात करून पाहा

वर्गाचे दोन गट करा. प्रत्येकाने मनगटाची नाडी अर्धा मिनिट मोजून आकडा लिहावा. मग एका गटाने तीन मिनिटे वरीलप्रमाणे श्वास घ्यावा. दुसऱ्या गटाने तीन मिनिटे नुसते शांत बसावे. पुन्हा नाडी मोजावी आणि दोन्ही गटांच्या सरासरीतील फरक फळ्यावर मांडावा. दुसरा गट कशासाठी, हे मुलांनाच विचारा. नुसते बसल्यानेही ठोके कमी होतात, म्हणून तुलनेशिवाय श्वासाला श्रेय देता येणार नाही. फरक दिसला नाही तर तसेच लिहा. पुढे, नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घ्यायला सांगा. श्वास घेताना आणि सोडताना ठोक्यांची गती बदललेली अनेकांना स्वतःलाच जाणवते. श्वास रोखून धरू नये. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबावे.

परीक्षेबद्दल एक गोष्ट. थोडा ताण उपयोगीच असतो. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अवघड काम शिकताना मध्यम ताण सर्वांत उपकारक ठरला. फार कमी आणि फार जास्त दोन्ही मारक ठरले. तेव्हा ‘मुळीच ताण घेऊ नकोस’ हा सल्ला व्यवहार्यही नाही आणि बरोबरही नाही. शिक्षकाच्या हातात आहे ते वर सांगितलेल्या तीन गोष्टी वाढवणे. चाचणीची तारीख आणि स्वरूप आधी सांगणे, हा अंदाज. दोनपैकी एक प्रश्न निवडू देणे किंवा चुकलेली चाचणी पुन्हा देऊ देणे, हा ताबा. गटाने अभ्यास करू देणे आणि गुण मोठ्याने वाचून न दाखवणे, ही सोबत. यांपैकी एकालाही पैसे लागत नाहीत. अचानक चाचणी घेऊन मुले ‘जागी’ राहतात असे आपण समजतो. वाइस यांच्या इशारा न मिळालेल्या उंदरांसारखी ती सदैव जागी राहतात, हे आपण विसरतो.

हे रोजचे राहिले नाही तर

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा काम बिघडलेले असेल, कशातच रस वाटत नसेल, अचानक भीतीचे झटके येत असतील किंवा व्यसनाचा आधार लागत असेल, तर तो रोजचा ताण राहिलेला नाही. मग श्वासाचे प्रयोग करत बसू नये; मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. ठाण्यात १९९०पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मुलुंडच्या पुढच्याच स्थानकावर आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लावावा.

एखादा विद्यार्थी ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणाला तर ते नाटक समजू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे त्याला सरळ पण मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, उपदेश करू नये, पालकांना व तज्ज्ञांना लगेच सामील करून घ्यावे. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी या लेखाचे काम झाले.

शेवटी पुन्हा कांदिवलीच्या फलाटावर येऊ. उलट जाऊन बसून येणाऱ्यामुळे बोरिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला जागा मिळत नाही, आणि तो वैतागतो. त्याचेही म्हणणे खरे आहे. एकाने आपल्यापुरता मिळवलेला ताबा दुसऱ्याच्या वाट्यातून येतो, कारण मुळात गाड्याच अपुऱ्या आहेत. म्हणून ताणाचा विचार करताना दोन यादी कराव्यात: मी काय बदलू शकतो, आणि आपण सर्वांनी मिळून काय मागितले पाहिजे. दीर्घ श्वास पहिल्या यादीत आहे. वेळेवर धावणाऱ्या गाड्या, सोसवेल एवढी पटसंख्या आणि शाळेत समुपदेशक या गोष्टी दुसऱ्या यादीत आहेत. पहिली यादी आज संध्याकाळी सुरू करता येईल. दुसरी शिक्षकांच्या पुढच्या सभेत मांडता येईल.